शेगडीच्या जागी वारा

मित्रांनो, माझे खरे नाव ऑसिलेटर. पण या नावाने मला आजवर कुणी प्रेमाने हाक मारलेली नाही. घरात मी गुणगुण्या. जेवणाच्या टेबलावर जन्मलेला, हाताने जोडलेला, आता बराच जुना झालेला गुणगुण्या. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. ऐकायला दुसरे कुणी नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे, हेही खरेच. माझ्या डाव्या हाताला जो बसतो त्याला फक्त आवाज लहान-मोठा करता येतो. त्याच्याशी मी काय बोलणार? आणि उजव्या हाताला कोण बसते, ते पुढे येईलच.

मी राहतो एका लाकडी पेटीत. मॉड्युलर सिंथेसायझर नावाचे एक वाद्य असते, त्याची ही पेटी. आत आमच्यासारखे बरेच जण खांद्याला खांदा लावून स्क्रूने बसवलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडावर एक उभा पत्रा, पत्र्यावर फिरवायची बटणे आणि वायर खुपसायची भोके. प्रत्येकाचे काम वेगळे. कुणी आवाजाची धार काढून टाकतो, कुणी त्याला घुमवतो, कुणी लांबवतो. रंगीत वायरींनी आम्हाला एकमेकांशी जोडले की वाद्य वाजू लागते. पण मुळात आवाज काढायचा कुणी? तो मी. मी तोंड मिटले तर बाकीचे सगळे हात चोळत बसतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडीशी बढाई आहे.

मला बनवले उचापत्याने. तो ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायचा आणि परत जोडताना एक तरी स्क्रू शिल्लक ठेवायचा, म्हणून आईने त्याला हे नाव दिले होते. पुढे त्याला मिशा आल्या, वजनकाटे दुरुस्त करायची नोकरी लागली, तरी नाव काही सुटले नाही. ताई मुलांच्या नाटकांना संगीत देत असे. तिच्या वाढदिवसाला तिला नवे वाद्य द्यायचे असे उचापत्याच्या मनाने घेतले. वाढदिवस आला तरी मी तयार नव्हतो. तेव्हा त्याने तिला नुसते रिकामे खोके दिले आणि म्हणाला, "आत काय येणार आहे याची कल्पना कर. तोच निम्मा आनंद."

माझ्या पोटात मसुराएवढे दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज कमी-जास्त करणारे तुकडे, आहेत. ते जुळे. उचापत्याने ढीगभर ट्रान्झिस्टर एकेक करून तपासले, त्यांतून अगदी सारख्या स्वभावाचे दोन निवडले आणि पाठीला पाठ लावून चिकटवले. एकाला गरम झाले तर दुसऱ्यालाही तेवढेच व्हावे, एकाला गार लागले तर दुसऱ्यालाही लागावे, म्हणून. ही जोडी एका उबेत राहिली तरच माझा सूर जागेवर राहतो. ऊब हलली की सूर हलला. मित्रांनो, माझ्यातली नाजूक गोष्ट म्हणाल तर एवढीच. बाकी मी चांगला दणकट आहे. टेबलावरून पडलोही आहे.

चिकटवलेले वाळले का बघायला ताई माझ्यावर वाकली आणि सवयीने तिने फुंकर घातली. उचापत्या लहान असताना त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालून घालून तिला ती सवयच लागली होती.

"याला नको हं फुंकर घालूस," उचापत्या म्हणाला. "हा घाबरतो."

"वायरीला कसली आलीय भीती?" ताई हसली आणि आपल्या कामाला निघून गेली. ही गोष्ट ती तिथेच विसरली.

मी पहिल्यांदा आवाज काढला तेव्हा तो फार काही सुरेल नव्हता. आई आतल्या खोलीतून ओरडली, "अरे, कुणाचं पोट गुरगुरतंय एवढं? आधी जेवून घ्या, मग काय ते धंदे करा." माझ्या गाण्यावर आलेला हा पहिला अभिप्राय. मी तो मनावर घेतला नाही.

काही दिवसांनी माझ्या उजव्या हाताला शेगडी येऊन बसली. ती खरी शेगडी नव्हे. आजोबांचा जुना रेडिओ मोडला तेव्हा त्यातले काचेचे व्हॉल्व्ह उचापत्याने जपून ठेवले होते. पूर्वीच्या रेडिओत असे व्हॉल्व्ह असत. सुरू केले की ते आत नारंगी उजळत आणि चांगले तापत. त्यांचा त्याने एक रुंद मॉड्यूल, म्हणजे पेटीत बसणारा आमच्यासारखा एक जण, बनवला. कुठलाही आवाज त्यातून गेला की जरासा घोगरा आणि मायाळू होऊन बाहेर पडे. तो इतका तापायचा की ताईने त्याचे नाव शेगडी ठेवले. पेटीतल्या बाकी सगळ्यांना उचापत्याने ताईसाठी बनवले होते. शेगडी मात्र त्याने स्वतःसाठी बनवली. आजोबांच्या मांडीवर बसून त्याने तो रेडिओ ऐकला होता.

शेगडी आल्यापासून माझे दिवस पालटले. तिची ऊब माझ्या उजव्या कुशीला लागे. उचापत्याने माझा सूर कायमचा पक्का केला तोही तिच्या शेजारी बसवूनच. पेटी बंद करून, सगळ्यांना चालू ठेवून, चांगले तापू देऊन, मग त्याने छोट्या स्क्रू ड्रायव्हरने माझ्या पोटातले स्क्रू हलकेच पिळले. "एकट्याला टेबलावर काढून सुरात लावायचं नाही," तो म्हणे. "राहायचंय पेटीत, तर पेटीतच लावायचं." हे त्याचे म्हणणे ताईला तेव्हा उगाच फाजील वाटे.

सकाळी वाद्य सुरू केले की तो तिला लगेच वाजवू देत नसे. "तापू दे," म्हणे. थोड्या वेळाने येऊन माझ्या पत्र्याला हाताची पाठ लावी, लहान मुलाचे कपाळ बघतात तशी, आणि विचारी, "काय रे, तापलास का?" मग ताई वाजवायला बसे. तिला उशीर होत असला की ती चिडे. तेव्हा तो तिलाही तेच विचारी. "तापलीस का? मग आता लागेल सूर." ताई हातातली वायर उगारून त्याच्या मागे धावे. आई म्हणे, दोन घोडे झालेत, पण अक्कल यायची आहे.

ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. नाटकात मी जहाजाचा भोंगा झालो, मधमाश्यांचे मोहोळ झालो, झोपलेल्या राक्षसाचे घोरणे झालो. एकदा प्रयोग संपल्यावर एक छोटा प्रेक्षक आईचा हात सोडून पळत आमच्याकडे आला आणि ताईला विचारू लागला, "राक्षस कुठे ठेवलाय?" ताईने माझ्याकडे बोट दाखवले. त्याने मला वरून खालून पाहिले आणि दोन पावले मागे सरकला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या दिवशी मला फार बरे वाटले.

मग आई गेली. घर गप्प झाले. दोन्ही भावंडे अधिकच काम करू लागली आणि बोलणे कमी झाले. त्याच सुमारास उचापत्याला दूरच्या गावी, वजनकाट्यांच्या मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली. त्याने ती घेतली आणि ताईला सांगितले सर्वांत शेवटी.

"शेजारच्यांना माहीत, दूधवाल्याला माहीत, आणि मला आज सांगतोस?" ताई म्हणाली.

"तू तापशील म्हणून नाही सांगितलं."

"मी तापत नाहीये!"

"बरं."

"बरं काय? जायचं तर जा. तुझं सामान उचल आणि जा. इथे काही ठेवू नकोस."

पूर्वी अशा वेळी आई मध्ये पडे आणि दोघांनाही जेवायला बसवी. आता मध्ये पडायला कुणी नव्हते. ताई आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. उचापत्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन आमच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. आपले म्हणून न्यायचे म्हटले तर सगळीच पेटी त्याच्या हातची होती. त्याने माझ्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि परत काढून घेतला. मी वाढदिवसाची भेट होतो. मला तो नेणार नव्हता. त्याने फक्त शेगडी काढली, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. जाण्यापूर्वी त्याने माझ्या पत्र्याला हाताची पाठ लावली. वाद्य बंद होते. मी गार होतो. त्याने काही विचारले नाही.

तेव्हापासून माझ्या उजवीकडे एक मोठे भोक पडले. बाहेरून बघितले तर पेटीच्या तोंडातला एखादा दात पडल्यासारखी ती दिसे. आतून बघितले तर नुसता अंधार आणि लोंबणारी वीजपुरवठ्याची वायर. त्या भोकातून वारा यायचा. ताईच्या खोलीत एक मान फिरवणारा टेबलफॅन आहे. तो माझ्याकडे तोंड करी तेव्हा वारा सरळ माझ्या उघड्या कुशीत शिरे आणि जुळे कुडकुडत. तो मान वळवून खिडकीकडे गेला की जरा बरे वाटे. पुन्हा तो माझ्याकडे वळे. तुम्हाला सांगतो, एखाद्याने आपल्याकडे बघावे असे आपल्याला वाटते, पण त्या पंख्याचे बघणे मला नकोसे झाले होते.

आणि माझा सूर ढळू लागला. ताईने एक सूर धरायला सांगावा, मी नीट धरावा, आणि जरा वेळाने हळूच सरकावे. पुन्हा जागेवर यावे, पुन्हा सरकावे. मला कळत होते. पण सांगणार कसे? मला बोलता येत नाही, मला सूर काढता येतो, आणि तोच धड निघत नव्हता.

ताई चिकाटीची. तिने आधी वायरी बदलल्या. मग माझी भोके साफ केली. मग बटणे. मग वीज नीट येते का ते मीटर लावून पाहिले. शेवटी मला पेटीतून बाहेर काढले आणि सोल्डरिंग करायला बसली. वायरीचे टोक धातूच्या थेंबाने चिकटवतात, त्याला सोल्डरिंग म्हणतात. वारा असला की तो थेंब नीट वितळत नाही. म्हणून हे काम करणारा माणूस बसताना आधी काय करतो, तर पंखा बंद करतो. ताईनेही केला. घामाने निथळत तिने माझे सगळे सांधे पुन्हा जोडले, मला तिथेच टेबलावर चालू करून पाहिले, आणि मी अगदी शहाण्यासारखा गायलो. वारा नव्हता, मी का नाही गाणार? ती खूश झाली. मला पेटीत बसवले, स्क्रू लावले, घाम पुसत पंखा सुरू केला आणि वाजवायला बसली. मी पुन्हा सरकलो.

"अरे, काय नाटकं लावलीयेस?" ताई म्हणाली. एवढी जीव तोडून मेहनत केल्यावर कुणीही हेच म्हटले असते. तरी मला ते लागले.

विचारायचे कुणाला हे तिला माहीत होते. ती फोन हातात घेई, नाव काढी आणि फोन पालथा ठेवी. माझ्यासमोरच हे चाले. त्यानेही तिकडून फोन केला नाही. दोघेही एकाच मुशीतले. चूक कुणाची, हे ठरवायला मी बसलो नाही. मला फक्त कुशीत वारा लागत होता.

मग ताईने मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. रेडिओ, टेप, ऑर्गन, जे कुणी आणील ते दुरुस्त करणारे हे काका मोठे हुशार होते. त्यांच्या दुकानात दिवसभर सोल्डरिंग चाले, त्यामुळे तिथला पंखा कायमचा बंद. त्याच्या पात्यांवर धूळ साचून ती केसाळ झाली होती. टेबलावर मोठा दिवा, त्याची छान ऊब. मी तिथे मनापासून गायलो. काकांनी मला दिवसभर वाजवत ठेवले. मी तसूभर हललो नाही. शाळेला सुट्टी मिळाली की पोट दुखायचे थांबते ना, तसे त्यांना माझे वाटले असणार.

"अगं, याला काही झालेलं नाही," ते ताईला म्हणाले.

"काका, घरी आला की करतो."

"मग घराला काहीतरी झालं असेल." काका हसले. त्यांनी अगदी खरे तेच सांगितले होते, पण त्यांनाही ते कळले नाही आणि ताईलाही नाही. निघताना ते म्हणाले, "याच्या पोटातले हे जुळे मात्र फार छान आहेत. असे आता मिळत नाहीत. माझ्याकडे एक ऑर्गन येऊन पडलाय, त्याला हवेच आहेत. हा तुला नकोसा झाला तर मला सांग. जुळे काढून घेईन, बाकीचा जाईल भंगारात."

ताईने मला पिशवीत घातले. पण ती नाही म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आले. त्या दिवसापासून मला दुसरीच भीती बसली. जुळे काढले म्हणजे माझ्यात काय उरले? बटणे असलेला पत्रा.

त्या दिवसांत ताई नव्या नाटकाचे संगीत करत होती. समुद्राच्या तळाशी हरवलेल्या एका लहान मासोळीचे ते नाटक. त्यात समुद्र मी होतो. शेवटच्या प्रवेशात मी एकच खोल सूर धरून ठेवायचा आणि मासोळीचे काम करणारी मुलगी त्या सुरावर गाणार. दुसरे वाद्य नाही, काही नाही, फक्त ती आणि मी. तालमीच्या हॉलमध्ये उकडत होते म्हणून दिग्दर्शकबाईंनी उभा पंखा लावला होता. तोही मान फिरवणारा.

मुलगी गायला लागली. आवाज बारीक पण खरा. मी सूर धरला. पंखा माझ्याकडे वळला. मी सरकलो आणि तीही माझ्यामागून सरकली, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. पंखा गेला, मी परत आलो, आणि ती बिचारी मध्येच अडकली.

"थांबा, थांबा," दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "मासोळी, कुठे निघालीस तू? सूर सोडलास."

"मी नाही सोडला," मुलगी म्हणाली. "समुद्रच सरकला."

सगळे हसले. ती रडवेली झाली. ताई मात्र हसली नाही. ती उठून म्हणाली, "तिचं बरोबर आहे. ती नाही चुकली, हा चुकला."

"मग ताई, या पेटीचं काय ते बघा बाई तुम्ही," दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "समुद्र रेकॉर्ड करून आणा, दुसरं काही आणा. पोरांना रडवून नाटक नाही करायचं मला."

घरी आल्यावर ताईने काकांना फोन केला. "उद्या सकाळी या आणि घेऊन जा याला," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. मित्रांनो, तिला दोष देऊ नका. तिच्या हातून व्हायचे होते ते सगळे करून झाले होते. पण मला फार एकटे वाटले. पेटीतल्या कुणालाही काही वाटले असेल असे मला दिसले नाही. डावीकडचा तर आवाज लहान करून बसला होता.

सकाळी ताई मला काढायला आली. का कोण जाणे, काढण्यापूर्वी तिने वाद्य सुरू केले. शेवटचे ऐकावे असे वाटले असेल. मी समुद्राचा सूर धरला. पंखा अजून लावलेला नव्हता, म्हणून तो नीट लागला. ताई स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकली. भोकाच्या कडेला, माझ्या कुशीपाशी, धुळीचे पुंजके जमले होते. काकांच्या हातात वस्तू द्यायची ती स्वच्छ द्यावी, एवढाच विचार करून तिने सवयीने फुंकर घातली.

मी दचकलो. सूर टुणकन सरकला.

ताई थांबली. मी हळूहळू जागेवर आलो. तिने पुन्हा फुंकर घातली. मी पुन्हा सरकलो. तिने लांब श्वास घेऊन जोरात फुंकर मारली आणि मी जवळजवळ किंचाळलो.

"हा घाबरतो," ताई स्वतःशीच म्हणाली.

तिने मान वळवून पंख्याकडे पाहिले. उठून तो सुरू केला. पंखा खिडकीकडे बघत होता तोवर मी नीट होतो. तो माझ्याकडे वळला, मी सरकलो. गेला, मी परत आलो. ताई पंख्याबरोबर मान फिरवत होती आणि हसत होती. एकटीच, मोठ्याने. मग तिची नजर भोकावर गेली, लोंबणाऱ्या वायरीवर गेली, आणि हसता हसता ती गप्प झाली. मला उघडून, पुसून, जोडून, लोकांकडे नेऊन तिने माझ्यात जे शोधले होते, ते माझ्यात नव्हतेच. उणीव होती ती माझ्या शेजारच्या जागेत.

तिने आपला तळहात भोकावर ठेवला. वारा थांबला. हात ऊनऊन होता. मी स्थिर झालो. पंखा आला आणि गेला, मी हललो नाही. ती तशीच उभी राहिली. मग दुसऱ्या हाताने तिने फोन उचलला, नाव काढले, आणि या वेळी तो पालथा ठेवला नाही.

"हॅलो?"

"मी बोलतेय."

"ताई?"

ताईने तळहात भोकावर तसाच दाबून धरला. मी वाजत होतो. पलीकडून आवाज आला, "मागे कोण आहे? गुणगुण्या ना?"

"हो."

"छान लागलाय."

"आत्ता लागलाय. माझा हात आहे शेजारी. काढला की जातो."

"तापू दिलास का त्याला?"

"कशाने तापणार तो? त्याची शेगडी तू घेऊन गेलास."

तो म्हणाला, "तूच म्हणालीस, सामान उचल."

"म्हणाले. पण तू कधीपासून माझं ऐकायला लागलास रे?"

तो हसला. नाकातून, पूर्वी हसायचा तसा. मग म्हणाला, "इथे ती नुसती कपाटावर पडून आहे, स्वेटरमध्ये. लावायला पेटीच नाही."

"मग काय करू सांग."

"पत्रा लाव तोवर," उचापत्या म्हणाला. "भोक झाकलं की वारा नाही जाणार. तोवर भागेल."

तोवर म्हणजे कधीपर्यंत, हे ताईने विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. नोकरी दूर होती आणि सुट्टी मिळायची तेव्हा मिळणार होती. फोन ठेवल्यावरही ती हात तसाच ठेवून उभी होती. दाराची घंटा वाजली तेव्हा कुठे तिने तो काढला.

दारात काका होते. "कुठे आहे तो?" त्यांनी विचारले.

"नाही देत, काका."

"अगं, बिघडलाय ना?"

"तो नाही बिघडला," ताई म्हणाली. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते आत येऊन बसले. चहा पिऊन ते निघून गेले. जाताना जुळ्यांसाठी जरासे हळहळले, तेवढे चालायचेच.

ताईने बिस्किटाच्या डब्याचे झाकण कापून पत्रा बनवला. झाकणावर धावणारा घोडा होता. भोकाच्या मापाने कापताना त्याची नुसती मागची बाजू आली. तेव्हापासून माझ्या उजवीकडे शेपटी आणि दोन पाय आहेत. सोबत म्हणून काही फार बरी नाही, पण वारा आत येत नाही. मग पेटी बंद करून, सगळ्यांना चालू ठेवून, चांगले तापू देऊन तिने माझ्या पोटातले स्क्रू पुन्हा हलकेच पिळले. टेबलावर काढून नव्हे.

नाटक झाले. शेवटच्या प्रवेशात मी सूर धरला, मासोळी माझ्या सुरावर उभी राहून गायली आणि समुद्र जागचा हलला नाही. प्रयोगानंतर ती आमच्यापाशी आली. टाळ्यांनी तिचे कान लाल झाले होते. तिने पेटी नीट निरखली आणि ताईला म्हणाली, "या घोड्याला वरचे दोनच स्क्रू आहेत. खालचे दोन विसरलात तुम्ही."

"विसरले नाही," ताई म्हणाली.

मुलीला ते समजले नाही. मला समजले. पत्रा तोवरपुरताच होता.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आम्ही वस्तू बोलत नाही, आणि तुमच्यातली काही माणसेही बोलत नाहीत. तेव्हा घरातला एखादा कुणी बेसूर वागू लागला, तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन लगेच त्याच्या पोटात शिरू नका. आधी त्याच्या शेजारी कोण बसत असे ते आठवा. ती जागा रिकामी असेल तर तिथे काही काळ तुमचा हात ठेवा. आणि कृपा करून पंखा दुसरीकडे वळवा.

मी आता सुरात आहे, पण पत्रा फक्त वारा अडवतो, ऊब देत नाही. माझी उजवी कूस अजून गारच असते. रोज सकाळी वाद्य सुरू केल्यावर ताई थांबते, माझ्या पत्र्याला हाताची पाठ लावते आणि विचारते, "काय रे, तापलास का?" मग तिची नजर टेबलावरच्या वाटीकडे जाते. खालचे दोन स्क्रू तिथे ठेवलेले आहेत. ती वाटी रोज पुसते. स्क्रू लावत नाही.